पुरातला ऊस ठेवायचा की तोडायचा? प्रयाग चिखलीकडच्या तीन रानांचं प्रकरण

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. आठ-दहा दिवसांनी ते उतरायला लागलं तसा करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या घराघरांत एकच वाद सुरू झाला. ऊस ठेवायचा की तोडायचा? हे प्रकरण त्यांतल्या एका घराचं आहे. घर माझ्या मावशीचं. रान प्रयाग चिखलीच्या अंगाला, जिथं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी एक होऊन पंचगंगा म्हणून पुढं जातं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पेशीविभाजनाचा धडा आमच्याकडं कांद्याच्या मुळाच्या टोकापासून सुरू होतो आणि चार अवस्थांच्या आकृतीपाशी संपतो. मुलं आकृती छान काढतात, नावं बरोबर घालतात, आणि आपल्या घरच्या रानात रोज हेच चाललेलं असतं याचा पत्ता त्यांना नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे प्रकरण आहे तसं, तपशिलासकट लिहून काढते आहे. त्या घरचा पुढचा सगळा हंगाम एकाच प्रश्नावर ठरला: उसात पेशींचं विभाजन कुठं चालू आहे आणि कुठं बंद पडलंय?

रानं तीन. पहिलं जरा उंचावरचं, त्यात 2018 च्या जुलैची आडसाली, म्हणजे पावसाळ्यात केलेली लागण. ऊस तेरा महिन्यांचा, माणसाच्या दुप्पट उंच. तिथं पाणी बरेच दिवस निम्म्या उंचीपर्यंत होतं, शेवटी पूर चढला तेव्हा थोडा वेळ शेंड्यांवरूनही गेलं. दुसरं रान मळीचं, नदीला लागून. त्यात जानेवारीतली, ‘सुरू’ नावानं ओळखली जाणारी लागण, सात महिन्यांचा ऊस. हा सगळाच्या सगळा पाण्याखाली होता आणि आठवडाभर तरी दिसला नाही. तिसऱ्या रानात महिन्यापूर्वीच नवी आडसाली लागण केली होती. त्या रानाचं सांगण्यासारखं फार काही उरलं नाही. सरीवर वीतभर गाळ बसला, खाली टिपऱ्या, म्हणजे लावलेले उसाचे तुकडे, कुजल्या. कोवळ्या कोंबाला स्वतःची मुळं फुटेपर्यंत तो टिपरीतल्या साठ्यावर जगतो, आणि टिपरी कुजली की त्याचं दाणापाणीच संपतं. ते रान मोडायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं.

वाद होता पहिल्या दोन रानांचा. आडसालीची खालची पानं वाळून गेली होती, वरची पिवळी पडली होती, बराच ऊस लोळला होता. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, म्हणत होता, "हे गेलं. तोडून वैरण तरी करूया." मळीतल्या उसाची पानं चिखलानं माखली होती, पण बोटानं पुसलं की खाली हिरवी दिसत होती. काकांचा जीव त्या हिरव्यात अडकला होता. "पान हिरवं हाय तवर ऊस जित्ता हाय. ह्याला हात लावायचा न्हाई." म्हणजे बापलेक दोघंही पानाकडं बघूनच बोलत होते, आणि दोघांचे निर्णय एकमेकांच्या अगदी उलट होते.

पान उसाला जगवतं हे खरं. पण वाढून पूर्ण झालेलं पान ऊस वाढवत नाही. त्यातल्या पेशींनी विभाजन कधीच थांबवलेलं असतं. अन्न तयार करायचं, ते खाली पाठवायचं, आणि एक दिवस वाळून जायचं, एवढंच त्या पेशींचं आयुष्य. खोडाचंही तसंच आहे. खालच्या पक्व कांड्यांतल्या पेशी साखर साठवतात, नव्या पेशी तयार करत नाहीत. आंबा किंवा चिंचेच्या खोडात सालीखाली विभाजन करणारा एक थर आयुष्यभर असतो, त्यामुळं खोड जाड होत जातं आणि जखमही हळूहळू भरून येते. उसाला हा थर नाही. ऊस गवताच्या कुळातला. कांडी एकदा जितकी जाड झाली तितकीच राहते, आणि चिरली तर चिरलेलीच राहते.

मग उसात विभाजन कुठं चालतं? त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शेंड्याच्या गाभ्यात, पानांच्या सुरळीच्या तळाशी, मिलिमीटरभराचासुद्धा नसलेला एक घुमट असतो. पाठ्यपुस्तकात याला प्ररोह विभाजी ऊती म्हणतात. नवी पानं, नवी पेरं (दोन कांड्यांमधले सांधे), पेराशी असणारे डोळे, सगळं इथून सुरू होतं. जोमाच्या वाढीच्या दिवसांत साधारण आठवडा-दहा दिवसांत एक नवं पान आणि त्याच्यासोबत एक नवी कांडी इथं आकार घेते. दुसरी जागा प्रत्येक पेराच्या वर असलेलं वाढीचं वलय. ऊस लोळला की काही दिवसांत त्याचा शेंडा पुन्हा वर वळलेला दिसतो ना, ते या वलयाचं काम. खालच्या बाजूच्या पेशी जास्त वाढतात आणि ऊस उचलला जातो. तिसरी जागा डोळा, म्हणजे झोपलेला एक पूर्ण शेंडाच. चौथी, डोळ्याच्या पातळीवर कांडीभोवती दिसणारे बारीक ठिपके. हे मुळांचे अंकुर असतात आणि बऱ्याचदा वर्षभर तसेच पडून राहतात.

आठवडाभर पाण्याखाली राहिल्यावर या जागांचं काय होतं हे समजायला दोन आकडे पुरेत. हवेपेक्षा पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजन असताना पेशीला तिसाच्या आसपास एटीपी, म्हणजे ऊर्जेची सुट्टी नाणी, मिळतात, ऑक्सिजन नसताना फक्त दोन. पेशीला दुभंगायचं तर आधी अख्ख्या डीएनएची नक्कल करावी लागते, ओढणारे तुर्कतंतू उभारावे लागतात, त्यांनी गुणसूत्रं दोन टोकांना ओढावी लागतात आणि मधोमध नवी भित्तिका बांधावी लागते. दोन एटीपींच्या मिळकतीत हा खर्च झेपत नाही. म्हणून अडचणीतली पेशी नक्कल करायच्या आधीच थांबते. हे थांबणं शहाणपणाचं असतं, कारण पाणी वेळेत उतरलं तर तिथूनच काम पुन्हा सुरू होतं. पण पाणी राहिलं, सुरळीत गाळ बसला आणि जिवाणूंनी ती कुजवायला घेतली, की थांबलेली पेशी मरते. गाभ्यातला तो घुमट मेला की त्या उसाला वरून एकही नवी कांडी येत नाही, पानं कितीही हिरवी असोत.

म्हणून पानं सोडून शेंडे तपासायचं ठरवलं. दोन्ही रानांत बांधाजवळ, मध्ये आणि पार खालच्या टोकाला, अशा वेगवेगळ्या ठिकाणचे काही ऊस घेतले. कोयत्यानं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा पानांचा भाग, छाटलं, बाहेरची पानं एकेक करून सोलली आणि आतला कोवळा गाभा ब्लेडनं उभा चिरला. आडसालीत बहुतेक ठिकाणी गाभा दुधासारखा पांढरा आणि घट्ट निघाला. ब्लेड फिरताना करकर वाजत होतं, चीर ओलसर पण स्वच्छ होती. दादानं ज्याला गेलं म्हटलं होतं तोच ऊस आतून धड होता. मळीतल्या उसात उलट. वरची हिरवी पानं सोलत गेलो तशी सुरळीतून गढूळ पाण्याची धार निघाली, नाकाला आंबूस वास आला, आणि गाभ्याच्या टोकाशी तपकिरी, पिचपिचीत लगदा लागला. काकांनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि काही न बोलता पुढचा ऊस छाटायला घेतला. बांधाच्या कडेचे थोडे सोडले तर सगळीकडं तेच.

चिरलेला शेंडा परत जोडता येत नाही, म्हणून न चिरता करायची एक खूणही पाहिली, आणि मला ती जास्त आवडते. गवताचं पान बुडातून वाढतं. टोक सर्वांत जुनं, बूड सर्वांत नवं. पुरानं सुरळीच्या टोकावर चिखल बसवला होता. गाभा जिवंत असेल तर तेच पान पुढं सरकतं आणि चिखलाच्या रेघेखाली स्वच्छ, कोवळा हिरवा पट्टा बाहेर येतो. चार-पाच दिवसांनी आडसालीत असे पट्टे सगळीकडं दिसू लागले. दोन-तीन बोटं रुंदीचा तो पट्टा म्हणजे तेवढ्या दिवसांत जन्मलेल्या आणि लांबलेल्या पेशी. मळीत चिखलाची रेघ होती तिथंच राहिली. काकांना पटलं ते या खुणेनं. मला वाटतं, शेतकऱ्याला विज्ञान पटायचं तर त्याच्या नजरेला सवयीची असलेली जागा दाखवली पाहिजे. सुरळी तो रोजच बघतो.

आडसालीच्या खालच्या पेरांवर आणखी एक गोष्ट घडली होती. पाणी जिथवर बरेच दिवस उभं होतं तिथल्या पेरांतून लालसर पांढऱ्या मुळांचे झुपके बाहेर आले होते. जमिनीतली जुनी मुळं काळी पडली होती, ओढली की साल हातात येत होती. जमिनीत श्वास कोंडला तेव्हा उसानं पेराशी राखून ठेवलेले अंकुर जागे केले. अशा मुळांत आतल्या काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या जागी हवेच्या पोकळ्या तयार होतात, त्यातून वरची हवा खाली पोहोचते. टोकाला पेशी दुभंगून मूळ लांबवतात आणि मागं काही पेशी जीव देऊन वाट करून देतात. दोन्ही एकाच मुळात, एकाच वेळी.

त्यांतली काही मुळं मी प्रयोगशाळेत आणली. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अॅसिटिक आम्लात ठेवली, मग हायड्रोक्लोरिक आम्लात थोडी गरम करून मऊ केली, अॅसिटोकार्मिनचा रंग दिला आणि टोकाचा दाण्याएवढा भाग काचेखाली दाबला. कांद्यात 16 गुणसूत्रं असतात, ती मोठी, मोजायला सोपी, म्हणूनच शाळेत कांदा वापरतात. आजच्या उसाच्या वाणांत गुणसूत्रं शंभराच्या वर असतात आणि बारीक असतात. मोजणं माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण मध्यावस्थेत ती पेशीच्या मधोमध दाटीनं उभी राहिलेली, आणि शेजारच्या पेशीत दोन गठ्ठे होऊन दोन टोकांना निघालेली, हे स्पष्ट दिसलं. मावशीच्या दहावीतल्या नातीनं ते पाहिलं आणि विचारलं, "एवढी शंभर-शंभर, एखादं चुकत नाही?" चुकतं कधीकधी, पण क्वचित. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही बाजूंना तंतू लागले की नाहीत हे तपासल्याशिवाय पेशी पुढची पायरी चढत नाही. 1930 च्या दशकात कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात जानकी अम्माळ यांनी उसाच्या याच गुणसूत्रांवर काम केलं होतं, हे मी तिला सांगितलं. जमिनीतल्या काळ्या मुळाचं टोकही शेजारी ठेवून पाहिलं. त्यात एकही दुभंगणारी पेशी मिळाली नाही.

मळीतल्या रानात मात्र गोष्ट इथं संपली नाही, आणि खरा पेच पुढंच होता. पाणी उतरल्यावर काही दिवसांत तिथल्या उसाचे वरचे डोळे फुगले आणि बाजूनं हिरवे कोंब फुटले. आपल्याकडं याला पांगशा फुटणं म्हणतात. काका धावत आले. "फुटतोय की ऊस! तुमी म्हणत हुता मेला." आता पेशी तर दुभंगत होत्या, जोरात दुभंगत होत्या, मग ऊस ठेवायला काय हरकत?

शेंडा जिवंत असतो तोवर तो ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत राहतो, आणि त्याच्या धाकानं डोळे झोपलेले राहतात. त्यांतल्या पेशी डीएनएची नक्कल करायच्या आधीच्या टप्प्यावर थांबलेल्या असतात. शेंडा कुजला की धाक संपतो, आणि सर्वांत वरचे डोळे आधी जागे होतात. म्हणजे पांगशा हा शेंडा मेल्याचा पुरावाच होता. शिवाय हे कोंब उभ्या उसावर, जमिनीपासून तीन-चार फुटांवर फुटलेले. त्यांना जमिनीत मुळं नाहीत. जगायचं तर ते कांडीतल्या साठ्यावरच जगणार. कांडीतली साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायचं आणि त्यावर नव्या पेशी वाढवायच्या, हेच ते करत होते. वारा आला की असे कोंब सांध्यातून निखळतात. त्यांचा ऊस होत नाही, आणि असलेल्या उसातली साखर मात्र जाते. विभाजन चाललंय एवढ्यावर समाधान मानायचं नसतं. ते कोणत्या जागी चाललंय आणि कुणाच्या पुंजीवर, हे बघावं लागतं.

हे समजावताना काकांच्या पायांकडं लक्ष गेलं. आठवडाभर पाण्यात फिरून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडं पांढरं पडून सुटलं होतं, आणि खाली नवं गुलाबी कातडं धरायला लागलं होतं. माणसाच्या त्वचेच्या तळाच्या थरात पेशी आयुष्यभर दुभंगत असतात, म्हणून अंगावर कुठंही खरचटलं तरी तिथंच भरून येतं. उसाला ही सोय नाही. तो मोडलेला भाग दुरुस्त करत नाही. तो राखीव ठेवलेल्या दुसऱ्या जागेवरून नवा भाग काढतो. मग प्रश्न उरला, मळीतल्या उसाकडं जमिनीखालची राखीव जागा शाबूत आहे का?

बुडखे उकरले. उसाच्या बुडाशी, मातीत, पेरं अगदी जवळजवळ असतात आणि प्रत्येकावर डोळा असतो. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा येणारं पीक, येतो तो इथूनच. झोपलेल्या डोळ्याला वाढत्या शेंड्यापेक्षा ऑक्सिजन कमी लागतो, त्यामुळं शेंडा मेला तरी हे डोळे वाचलेले असू शकतात. नखानं डोळ्याचा पापुद्रा काढून आत पाहिलं. रानाच्या वरच्या निम्म्या भागात आत पांढरट, ताजे डोळे मिळाले. खालच्या, नदीकडच्या भागात पाणी सर्वांत उशिरा उतरलं होतं. तिथं डोळे काळे, पोकळ, मुळांचाही वास मारत होता.

निर्णय असे झाले. आडसाली ठेवायची. चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढलं, वाळलेली पानं काढली, लोळलेला ऊस जमेल तेवढा एकमेकांना बांधून उभा केला, आणि वाफसा आल्यावर खताचा थोडा हप्ता दिला. त्याआधी खत देऊन उपयोग नव्हता. नवी मुळं मातीत उतरल्याशिवाय ते घेणार कोण? मळीच्या वरच्या निम्म्या भागातला ऊस जमिनीलगत तोडून खोडवा धरला. जमिनीलगत यासाठी की बुडखा वर राहिला तर वरचेच डोळे आधी फुटतात आणि त्यांना मातीत मुळं धरता येत नाहीत. सात महिन्यांच्या उसात साखर नसल्यानं कारखान्याचा प्रश्नच नव्हता, तो वैरणीला गेला. चिखलाचं वाढं जनावरांना तसंच घालायचं नाही, धुऊनच घालायचं, हे मावशीनं कटाक्षानं पाळलं. नदीकडचा भाग मोडला आणि रब्बीला तिथं हरभरा टाकला. काकांना तो भाग मोडताना फार जड गेलं. ते मला समजत होतं. तिथला ऊस त्यांनी स्वतः डोळे निवडून लावला होता.

आडसाली हंगाम सुरू होताच तोडली. ज्या बाजूला थोड्याफार पांगशा होत्या ती आधी कारखान्याला घातली, कारण तिथं उशीर म्हणजे साखरेची गळती. काकांच्या मनात थोड्या उसाचा गूळ करायचं होतं, पण पांगशा फुटलेल्या उसाच्या रसात ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण वाढलेलं असतं आणि गूळ नीट कडक होत नाही. गुऱ्हाळघरातल्या गुळव्यानंही ऊस पाहून हेच सांगितलं, त्याच्या भाषेत. वजन नेहमीसारखं भरलं नाही, पण ऑगस्टमध्ये तोडला असता तर नुसती वैरण झाली असती. तोडणीच्या वेळी एकेका उसावर पूर वाचता येत होता. खाली लांब कांड्या, मध्ये एकमेकींना चिकटलेल्या बोटभर आखूड कांड्या, वर पुन्हा लांब. त्या आखूड कांड्यांत पेशी कमी जन्मल्या आणि ज्या जन्मल्या त्या नीट लांबल्याही नाहीत. दादानं तसा एक तुकडा मला शाळेसाठी दिला. वर्गात कांद्याच्या आधी मी तोच दाखवते.

एक विषय शेवटपर्यंत चर्चेत राहिला, तो बेण्याचा. मळीच्या मोडलेल्या भागात हरभऱ्यानंतर पुन्हा सुरू लागण करायची होती. काकांना घरचंच बेणं हवं होतं, आडसालीतलं, को 86032. हा वाण कोइमतूरला को 62198 आणि को सी 671 यांच्या संकरातून निघाला. त्या संकरात अर्धगुणसूत्री विभाजन झालं, दोन वाणांचे गुण मिसळले आणि बियांतून वेगवेगळी रोपं आली. त्यांतलं एक निवडलं, आणि तेव्हापासून आजतागायत टिपरी-टिपरीनं तेच रोप पुढं चाललंय, फक्त सूत्री विभाजनानं. म्हणून करवीरमधला को 86032 आणि सोलापूरकडचा को 86032 गुणसूत्रांनी सारखा. पण गुणसूत्रं सारखी असली तरी डोळा सारखा जोमदार असतोच असं नाही. पुरात राहिलेल्या उसाचे काही डोळे मेलेले, काही अर्धवट फुटून थकलेले, कांडीत कुज शिरलेली. टिपरी लावली की पहिले काही आठवडे तिच्यातल्या साठ्यावरच नव्या पेशी होणार, आणि तो साठाच कमी. शेवटी माळावरच्या, पाणी न लागलेल्या पाहुण्यांच्या रानातून नऊ-दहा महिन्यांचं बेणं आणलं. वाण तोच.

2021 च्या जुलैत पंचगंगा पुन्हा मळीत शिरली. पाणी उतरल्यावर या खेपेला दादानं पानांकडं बघून काही ठरवलं नाही. ब्लेड घेऊन रानात गेला, आधी शेंडे चिरले, मग बुडखे उकरले, आणि बांधाकडचा पट्टा ठेवून बाकीचा ऊस त्याच आठवड्यात जमिनीलगत तोडला.